टपालवाल्याची वाट

खालचं लिथारी,
१७ सप्टेंबर, बुधवार

माझ्या लग्नात ज्याने माझ्या आणि अग्लायाच्या डोक्यावरचे मुकुट तीनदा अदलाबदल केले, त्या माझ्या कुंबारे झिसिसला लांब्रोसचा साष्टांग नमस्कार (तो मी पहिल्यांदा कुठे आणि कसा घातला होता, हे तुझ्याखेरीज कुणाला ठाऊक नाही, आणि आजचं पत्र त्याचसंबंधी आहे).

तुझे गुडघे कसे आहेत? कान? तुझ्या लेकीने, वासोने लिहिलं होतं की डाव्या कानात यंत्र बसवलंय, पण तू ते काढून खिशात ठेवतोस. योग्य करतोस. श्टुटगार्टमध्ये तुझ्या भाषेत बोलणारं आहे कोण, की यंत्र लावून ऐकावं. इकडे सगळं क्षेम आहे. कोंबड्या अंडी देतात, अक्रोड झोडपायला आलेत, अग्लायाचा रक्तदाब तिच्या आवाजासारखाच चढा आहे. फक्त मी भीतीने अर्धा झालोय. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडली. लोक म्हणतात व्यायामाने झालं. मी मान डोलावतो.

टेलिफोन का केला नाही, असं तू विचारशील. आमचा टेलिफोन स्वयंपाकघरात आहे आणि त्याच्या शेजारी अग्लायाचा कान आहे. शिवाय तुला काही सांगायचं तर ओरडून सांगावं लागतं, आणि हे जर मी ओरडून सांगितलं तर तुला ऐकू येण्याआधी साऱ्या खोऱ्याला ऐकू जाईल. हे पत्र पाववाल्याच्या गाडीतूनही पाठवता येत नाही. आमच्या गावची टपालपेटी वसंतात काढून नेली, तेव्हापासून सगळे त्याच्याच हाती पत्रं देतात. पण तो पाकीट उजेडाला धरून बघणारा माणूस आहे. तेव्हा हे तुझ्यापर्यंत कसं पोचवायचं ते मला अजून कळलेलं नाही. एकतीस वर्षं टपाल खात्यात काढलेल्या माणसावर ही वेळ यावी.

तर, फोटिनीबद्दल. माझ्या दिवंगत भावाची ही मुलगी अथेन्समधली नोकरी सोडून गावी आली, बंद पडलेली शाळा तिने अतिथिगृह केली, हे तुला माहीत आहे. तुला माहीत नाही ते असं की परदेशी लोक आता पैसे मोजून डोंगरात चालायला येतात. गाढवं आहेत, रस्ते आहेत, तरी चालतात. सोबत वाटाड्या हवा, सगळे एका टोळीत हवेत, आणि रात्री पाय दुखले की ते आनंदी होतात. अशी बारा जणांची पहिली टोळी ३ ऑक्टोबरला येतेय. ती खूश होऊन गेली तर पुढच्या वर्षी आणखी सहा टोळ्या ठरल्यासारख्याच आहेत. नाही झाली तर फोटिनीचे म्युनिकच्या एका हॉटेलातल्या नोकरीचे कागद तयार आहेत, १ नोव्हेंबरपासून. तिने ते मला दाखवले आणि परत घडी घालून खणात ठेवले. झिसिस, ती गेली तर गावातला सगळ्यात तरुण माणूस मी उरेन. मला त्रेसष्टावं चालू आहे.

आता ऐक त्या सहलीचं नाव. ‘टपालवाल्याची वाट.’ पाच तारखेला, म्हणजे मुख्य दिवशी, ही बारा माणसं खालच्या लिथारीतून निघून, दरीवरचा जुना दगडी पूल ओलांडून, वरच्या लिथारीत तुमच्या चर्चपर्यंत चढणार आणि त्याच वाटेने परतणार. ज्या वाटेने शूर पोस्टमन लांब्रोस एकतीस वर्षं, हिमवर्षावात, वादळात, खांद्यावर थैली टाकून रोज जात होता. आणि त्यांच्या पुढे चालणार कोण, तर प्रत्यक्ष शूर पोस्टमन लांब्रोस. तिने हे सगळं संगणकावर जगभर लिहून टाकलंय. खाली माझा फोटो आहे, गळ्यात पितळी शिंग अडकवलेला. फोटोत मी हसतोय, कारण तेव्हा मला कशासाठी काढतायत ते सांगितलं नव्हतं.

चूक माझीच, आणि ती मी मान्य करतो. तिचा बाप गेला तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि रात्रीची झोपायची नाही. मग मी तिला पुलाच्या गोष्टी सांगायचो. वारा कसा मला उचलू बघत होता, पुलाच्या कमानीखाली टांगलेली घंटा कशी आपोआप वाजत होती, मी कसा थैली छातीशी धरून पलीकडे पोचलो. एका गोष्टीत लांडगाही होता. ती झोपायची, आणि मी रोज थोडा जास्त शूर व्हायचो. कॉफीच्या दुकानातही मी तेच सांगितलं, पण तिथले लोक निम्मं वजा करून ऐकतात. लेकरू काही वजा करत नाही. तिने सगळंच्या सगळं जपून ठेवलं आणि आता ते बारा परदेशी माणसांना विकलं.

तयारीचं तर विचारू नकोस. फोटिनीने मला आधी बूट आणले, बैलाच्या खुरासारखे. मग दोन काठ्या. (एक काठी म्हातारपणाची असते, हे मला समजतं. दोन काठ्या घेऊन चाललं की माणूस खेळाडू ठरतो.) मग शहरात नेऊन प्रथमोपचाराचं शिक्षण दिलं. तिथे एक रबरी बाई जमिनीवर पडलेली होती आणि तिच्या छातीवर दाबून तिला जिवंत करायचं होतं. माझी पाळी आली तेव्हा शिक्षिकेने विचारलं की समजा, हा माणूस उंचावर घाबरून गोठला तर तुम्ही काय कराल? मी म्हटलं, त्याच्या शेजारी आडवा होईन. वर्ग खूप हसला. मी खरं तेच सांगितलं होतं.

त्यानंतर रंगीत तालीम. गावातून पुलाच्या तोंडापर्यंत चाळीस मिनिटं लागली पाहिजेत, असं फोटिनीच्या कागदावर होतं. सकाळी आठला निघालो, ती घड्याळ घेऊन, मी दोन काठ्या घेऊन. आता तूच सांग, आपल्याकडे कुणाच्या दारावरून पाहुणा तसाच पुढे जाऊ देतात का? पहिल्याच दारात अंजिराच्या मुरांब्याचा चमचा आणि थंड पाणी. दुसऱ्या दारात कळलं की पहिल्या दारात मुरांबा झाला, म्हणून तिथे त्सिपुरोचा, घरच्या द्राक्षाच्या दारूचा पेला आणि चीज. तिसरीने दुसरीवर मात करायची म्हणून पालेभाजी भरलेली गरम पिटा तव्यासकट बाहेर आणली. नाही म्हटलं तर सात पिढ्यांचं भांडण. साडेअकराला आम्ही चौथ्या दारात होतो आणि फोटिनी कागदावरच्या चाळीस मिनिटांकडे बघत डोळे पुसत होती, कारण तीही चार पेले प्यायली होती. पुलापर्यंत त्या दिवशी पोचलोच नाही. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुंदर दिवस. मी म्हटलं, हाच सहलीचा मार्ग ठेवू, पाहुण्यांना पूल दुरून दाखवू. दुसऱ्याच दिवशी घरोघर जाऊन तिने सगळ्या बायकांना शपथ घातली की पाच तारखेला दारं बंद ठेवायची. (बायकांनी शपथ घेतली. पाळतील अशी माझी अंधुक आशा आहे.)

मग पाहुण्यांचे अर्ज आले. वय, आजार, काय खात नाही, कशाची भीती वाटते. एकजण गहू खात नाही. हे ऐकून अग्लाया खुर्चीत बसली आणि त्या माणसाच्या आईसाठी हळहळली. एकाला मधमाश्यांची भीती, दोघांना कुत्र्यांची. मी मनात म्हटलं, असल्या भीत्या मला बारा द्या, त्या बदल्यात माझी एक घ्या. आणि मग फोटिनीने शेवटचा अर्ज वाचला. डेन्मार्कच्या कर्स्टन नावाच्या बाई आहेत, एकाहत्तर वर्षांच्या, नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. तो डोंगरात जायचा आणि त्या खाली गाडीत बसून राहायच्या, आयुष्यभर, कारण उंची सहन होत नाही. भीतीच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, आणि फोटिनीने ते मला आपल्या भाषेत करून दाखवलं:

“पुलाची. पण तुमच्या पोस्टमनबद्दल वाचलं. त्यांचा हात धरायला मिळाला तर मी येईन.”

पाचावर धारण बसणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं. आत्तापर्यंत माझी अब्रू जाणार होती, ती काय, कधीतरी जायचीच होती. पण आता एक बाई माझा हात धरणार. तो हात कसला आहे हे तुला माहीत आहे. तो हात तूच दगडावरून एकेक बोट करून सोडवला होतास.

मी बावीस वर्षांचा होतो, नोकरीचा पहिला दिवस. पुलाला कठडा नाही हे गावातल्या प्रत्येकाला माहीत असतं, पण माहीत असणं वेगळं आणि माथ्यावर उभं राहणं वेगळं. खाली पाणी इतकं खाली होतं की त्याचा आवाजही उशिरा येत होता. मी पालथा पडलो. थैली पाठीवर, गाल दगडावर, दोन्ही हात पसरलेले. किती वेळ गेला माहीत नाही. मग तुझ्या शेळ्या आल्या, माझ्या अंगावरून एकेक करून ओलांडून गेल्या (त्यांचे खूर मला अजून पाठीत जाणवतात), आणि शेवटी तू आलास. तू हसला नाहीस. त्याबद्दल मी तुला आजवर कधी काही बोललो नाही, म्हणून आज लिहितो. तू हसला असतास तर मी बहुधा तिथूनच खाली गेलो असतो.

तू मला अलीकडे आणून सोडलंस, संत परास्केवीच्या तसबिरीवर हात ठेवून गप्प राहण्याची शपथ घेतलीस, आणि तेव्हापासून आपलं ठरलं. मी अलीकडच्या छोट्या देवळापाशी यायचो, शिंग तीनदा फुंकायचो. खालच्या गावाला वाटायचं, लांब्रोस निघाला. तू पुलावरून येऊन थैली न्यायचास, वरची पत्रं आणायचास. वरच्या गावाला तू सांगायचास की लांब्रोस बिचारा पूल ओलांडून तुझ्या शेळ्यांच्या वाड्यात पाय शेकत बसलाय. मी तंबाखूची पुडी द्यायचो, ती तू अर्धी मलाच ओढायला लावायचास. तू चालताना मी तुझी पावलं मोजायचो, दुसरं करायला काही नव्हतं. शहात्तर. एकतीस वर्षं तुझी शहात्तर पावलं मी जाताना मोजली, येताना मोजली. झाकली मूठ आपण दोघांनी मिळून सांभाळली. आता तू तुझा अर्धा भाग घेऊन जर्मनीला गेलास आणि मूठ माझ्या एकट्याच्या हातात आहे.

सुटायचे प्रयत्न केले नाहीत असं समजू नकोस. पाय मुरगळल्याचं सोंग केलं. अग्लायाने त्सिपुरो चोळून तासभर असा रगडला की खरंच मुरगळला असता. पाऊस पडावा म्हणून मेणबत्ती लावली. पाऊस पडला, पण पुलावर नाही, तर दोन गावांमधल्या मोटारीच्या रस्त्यावर दरड घेऊन पडला. म्हणजे सव्वीस किलोमीटरच्या वळशाने तरी वर जाता आलं असतं, ते दारही बंद. तोंड उतरलेलं पाहून अग्लायाने वाटीत पाणी घेऊन तेलाचे थेंब सोडले. थेंब पसरले. म्हणाली, दृष्ट लागलीय, बारा जणांची, आणि तीही परदेशी, एकदम उतरायची नाही. तीनदा थुंकली, जांभया देऊन देऊन तिचे डोळे गळायला लागले. मग वाटी बाजूला ठेवून एवढंच म्हणाली, “एकतीस वर्षं पूल तुडवलेला माणूस तू, आणि अक्रोड काढायला शिडीच्या दुसऱ्या पायरीवर चढत नाहीस.” मी म्हटलं, शिडी लाकडाची आहे. ती म्हणाली, बरं.

शेवटी परवा ठरवलं, फोटिनीला सगळं सांगून टाकायचं. शाळेत गेलो. ती भिंतीवर माझा शिंगाचा फोटो लावत होती आणि म्हणाली, “काका, वाकडा दिसतोय का सांग.” मी म्हटलं, थोडा वाकडा आहे. तिने सरळ केला. मग मी घरी आलो.

तुला आणखी त्रास देत नाही. वासोला, जावयाला आणि नातवंडांना माझे आशीर्वाद सांग. कानातलं यंत्र थंडीत तरी घालत जा, निदान कान झाकला जाईल.

तुझाच,
एका पुडीचा भागीदार,
लांब्रोस

ता. क. वर लिहिलेलं सगळं तू विसरलास तरी चालेल, पण एवढं वाच. तू ये. चार दिवस ये. पाच तारखेला तू पुढे चाल, मी तुझ्या पाठीकडे बघत चालेन, माझा हात त्या बाईंच्या हातात असेल. तू नुसता पुढे चाल. लोकांना सांगू की म्हातारा मित्र गावी आलाय, त्याला मान दिला. तुझे गुडघे दुखत असतील तर हळू चाल. हळूच बरं.

ता. क. २ (गुरुवार, दुपार, वरचं लिथारी, तुझ्या अंगणातून.) हो, बरोबर वाचलंस. कागद गुडघ्यावर ठेवून लिहितोय, म्हणून अक्षर असं आहे. सकाळी मी हे पाकीट आणि शिंग घेऊन पुलापाशी गेलो. तुमच्या चर्चसमोरची टपालपेटी अजून शाबूत आहे, शुक्रवारी डोंगरापलीकडून येऊन उघडतात. म्हटलं, शिंग फुंकू, वरून कुणीतरी येईल, त्याच्या हाती देऊ. तीनदा फुंकलं. थांबलो. पुन्हा तीनदा फुंकलं. कुणी आलं नाही. तुमच्याकडे आता पाच माणसं आहेत आणि त्यातलं सगळ्यात धाकटं ऐंशीचं, हे मला माहीत होतं, तरी मी पलीकडच्या टोकाकडे बघत राहिलो. तू गेल्याला चार वर्षं झाली, कुंबारे, पण तू नाहीस हे मला आज सकाळी कळलं. मला फार वाईट वाटलं. इतकं की त्यात भीती जरा मागे पडली, आणि ती परत पुढे यायच्या आत मी चार पावलं टाकून बसलो होतो.

पाचव्या पावलाला ती आली. मागे वळायचं तर खाली बघावं लागणार. इकडे आड, तिकडे विहीर. मग मी पाकीट दोन्ही हातांत धरून डोळ्यांसमोर आणलं आणि पत्ता वाचायला लागलो. बाकी काही बघायचं नाही, पाकीटच बघायचं. आधी तुझं नाव. मग तुझ्या रस्त्याचं जर्मन नाव, जे एवढं लांबलचक आहे की एकदा लावून वाचेपर्यंत सहा पावलं होतात. मग शहर, मग देश, मग पुन्हा तुझं नाव. मधली वीसेक पावलं मी बसून सरकलो, ती पावलांत धरावीत की नाही याबद्दल मी साशंक आहे (विजारीचं काय झालं ते विचारू नकोस). माथ्यावर खालची घंटा एकदा वाजली. मी तुझं नाव मोठ्याने वाचलं. शहात्तराव्या पावलाला गवत लागलं आणि मी त्याच्यावर बराच वेळ पडून राहिलो. या वेळी उताणा.

किल्ली नेहमीसारखी तुळशीच्या कुंडीखाली होती. कुंडीतली तुळस वाळलीय, कुंडी आहे. इथल्या कॉफीच्या दुकानातून घरी टेलिफोन केला. सांगितलं, झिसिसच्या छपराच्या चार फरश्या सरकल्यात, बसवून येतो, काही दिवस लागतील. आयुष्यात पहिल्यांदा अग्लायाने काही विचारलं नाही. मग म्हणाली, “त्याचा जाड कोट दाराच्या मागे असेल, तो घाल. आणि लांब्रोस, शाबास.” कशाबद्दल शाबास, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही. एकतीस वर्षं माझे बूट तीच घासत होती. वरच्या गावची माती तांबडी आहे, आमची काळी, हे माझ्या ध्यानात आज आलं.

ता. क. ३ (शुक्रवार.) पेटी उघडायला तासभर आहे, म्हणून घाईत. तू येऊ नकोस. रागावू नकोस, खरंच नको. तुझे गुडघे बघता तुलाच उचलावं लागेल. मला उपाय सापडलाय. फोटिनीला सांगून बाराही जणांच्या हाती एकेक पाकीट द्यायचं, ज्याला त्याला आपल्या माणसाचं नाव लिहू द्यायचं, आणि पूल ओलांडून ते पेटीत टाकायचं. टपालवाल्याची वाट आहे, रिकाम्या हाताने कोण जातं. कर्स्टनबाईंना मी हात देईन, दुसऱ्या हातात त्या पाकीट धरतील. नवऱ्याचं नाव लिहिलं तरी मी काही विचारणार नाही. पत्ता नसलेली पत्रं मी पूर्वीही पेटीत टाकू दिली आहेत.

एकच अडचण आहे, आणि खरं तर या सगळ्या पत्राचं कारण एवढंच समज. मी इकडे आहे आणि घर तिकडे आहे. रस्त्यावर दरड आहे. हे पाकीट आता पेटीत जाणार. काल एका कोऱ्या पाकिटावर माझंच नाव लिहून निघालो, तर तिसऱ्या पावलाला परत आलो; आपणच आपल्याला लिहिलेल्या पत्रावर कुठल्याही पोस्टमनचा विश्वास बसत नाही. तेव्हा मिळताक्षणी उत्तर पाठव, इथल्या पत्त्यावर. आत काही लिहिलं नाहीस तरी चालेल. पण पाकिटावर माझं नाव मोठ्या अक्षरांत लिही, आणि आपल्याकडचा पत्ता फार आखूड आहे, म्हणून माझ्या बापाचं नाव घाल, आजोबांचं घाल, जिल्हा, देश, जे आठवेल ते सगळं घाल. पूल शहात्तर पावलांचा आहे.